प्रस्तावना : आभाळातल्या भंगाराचा पंचनामा

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. करोनाचे निर्बंध त्याच दिवसापासून उठले होते. दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं मोकळेपणाने रस्त्यावर, ओट्यावर, गच्चीवर होती. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीकडून एक जळती माळ आली आणि जळगाव, बुलढाणा, अकोल्याच्या आभाळातून पूर्वेकडे निघून गेली. पुढे तेजस्वी गोळा, त्याच्या मागे लहान गोळे, त्यांच्या मागे पिवळट-लाल शेपटी. सगळ्यांचा वेग सारखाच आणि आवाज काहीच नाही. तुटता तारा पापणी लवेपर्यंत विझतो. हा प्रकार इतका वेळ चालला की लोकांना खिशातून मोबाइल काढून चित्रण करायला सवड मिळाली. “काय शे ते?” या प्रश्नाला त्या रात्री गावागावात निराळी उत्तरं मिळाली: उल्कावर्षाव, विमान, क्षेपणास्त्र, आणि अर्थातच परग्रहावरचे पाहुणे.

खानदेशाच्या वाट्याला फक्त उजेड आला. धातू पडला तो चंद्रपूर जिल्ह्यात. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचं, चाळीस किलोंच्या आसपास वजनाचं धातूचं कडं आदळलं. सिंदेवाही परिसरातच अर्धा मीटर व्यासाचे गोळेही सापडले. पोलिसांनी माल ताब्यात घेतला, महसूल खात्याची माणसं आली, काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. पहिल्या काही तासांत न्यूझीलंडहून त्याच दिवशी सुटलेल्या एका रॉकेटवर संशय होता. पण अवकाशातल्या वस्तूंची बारकाईने नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग ताडून पाहिले आणि बोट दुसरीकडे दाखवलं. चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा, वाय ७७ क्रमांकाचा, तिसरा टप्पा. फेब्रुवारी २०२१मध्ये शीचांगच्या तळावरून तो उडाला होता. या टप्प्याचा व्यास तीन मीटर असतो. लाडबोरीच्या कड्याचा व्यासही तेवढाच भरला.

जळगाव ते लाडबोरी हे सरळ रेषेतलं अंतर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर आहे. वातावरणात शिरताना अशा वस्तूचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या घरात असतो. म्हणजे हे सगळं अंतर एका मिनिटाचं. तो टप्पा एक मिनिट आधी फुटला असता, तर ते कडं यावल-रावेरच्या केळीत, भुसावळच्या रेल्वे यार्डात किंवा जळगावच्या एखाद्या चौकात येऊ शकलं असतं. त्या एका मिनिटावर कोणाचाही ताबा नव्हता. बीजिंगचा नव्हता, बंगळुरूचा नव्हता आणि जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांचा तर नव्हताच. या पुस्तिकेचा विषय तो हरवलेला ताबा आहे. वस्तू पडतात, पडणारच. प्रश्न आहे त्या कुठे पडणार हे कोण ठरवतं, आणि कोणीच ठरवत नसेल तर त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा.

आभाळातून पडलेल्या वस्तूंचा खानदेशाचा अनुभव तसा जुना आहे. २९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर परिसरात, माणेगावला एक अशनी पडला. जगभरच्या अशनींच्या यादीत तो आजही ‘मानेगाव’ याच नावाने नोंदलेला आहे. डायोजेनाइट या दुर्मीळ जातीचा तो दगड आहे, आणि असे दगड व्हेस्टा नावाच्या लघुग्रहावरून सुटून आलेले असावेत असं मानलं जातं. त्याचा जेमतेम थोडा अंश आज संग्रहालयांत शिल्लक आहे. शेजारच्या बुलढाण्यात लोणारचं विवर आहेच. पण माणेगावच्या दगडाला मालक नव्हता. लाडबोरीच्या कड्याला आहे. निसर्गाने टाकलेल्या दगडाबद्दल कोणाशी भांडता येत नाही. माणसाने टाकलेल्याबद्दल आलं पाहिजे.

आता हे घडतं कसं ते थोडक्यात, कारण पुढच्या प्रकरणांत त्याची आकडेमोड येणारच आहे. उपग्रह वर टिकतो तो त्याच्या आडव्या वेगामुळे, सेकंदाला पावणेआठ किलोमीटर. चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवर हवा जवळजवळ नाही, पण अगदीच नाही असंही नाही. ती दर फेरीला चिमूटभर वेग खाते. कक्षा खाली येते, खाली हवा थोडी दाट, म्हणून वेग आणखी खाल्ला जातो. १२० किलोमीटरच्या खाली उतार अटळ होतो आणि ८० किलोमीटरच्या आसपास सांगाडा फुटतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे त्याची बहुतेक पाठवणी वरच होते. टायटॅनियमला १६६८ अंश लागतात, म्हणून इंधनाच्या आणि वायूच्या गोल टाक्या खाली पोचतात. जगात कुठेही अवकाशातला माल पडला की छायाचित्रात गोळा दिसतो तो यामुळे. कड्याचं गणित निराळं आहे. आकार मोठा आणि त्या मानाने वजन कमी, म्हणून ते विरळ हवेतच मंदावतं आणि तापाचा मोठा तडाखा चुकवतं. एकूण वजनाच्या १० ते ४० टक्के माल जमिनीपर्यंत येतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. शेवटचे काही किलोमीटर तो जळत नसतो. आपण रात्री पाहतो तो उजेड संपल्यानंतर, काळोखात, काही मिनिटांनी तो मुकाट्याने येऊन आदळतो. ज्याच्या डोक्यावर उजेड, त्याच्या डोक्यावर धोका नसतो; धोका पुढच्या जिल्ह्याला असतो.

चांग झेंगचा हा टप्पा निकामी उपग्रह नव्हता, उपग्रह पोचवून झाल्यावर उरलेलं रिकामं नळकांडं होतं. पण पडण्याच्या बाबतीत दोघांची जात एकच: इंधन संपलेलं, वीज गेलेली, हाकेला ओ न देणारी वस्तू. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर न्यायचा असतो. त्यासाठी रॉकेट त्याला लांबुळक्या कक्षेत सोडतं, तिचं एक टोक तिकडे वर आणि दुसरं पृथ्वीपासून जेमतेम काहीशे किलोमीटरवर. उपग्रह स्वतःच्या इंजिनाने पुढे जातो, टप्पा मागे राहतो. तो खालच्या टोकाला आला की दर वेळी हवेला घासतो. वाय ७७ असा चौदा महिने घासत राहिला.

इथे खानदेशाचा अक्षांश आडवा येतो. शीचांगहून अशा मोहिमेवर गेलेल्या टप्प्याची कक्षा विषुववृत्ताशी साधारण २८ अंशांचा कोन करते. म्हणजे तो २८ अंश उत्तर ते २८ अंश दक्षिण या पट्ट्यातच फिरणार आणि त्याच पट्ट्यात पडणार. मॉस्को, लंडन, बीजिंग त्याच्या वाटेतच नाहीत. धुळे-जळगाव २१ अंशांवर आहेत, म्हणजे वाटेवरच. लाडबोरीनंतर चाळीस दिवसांनी, १२ मे २०२२ रोजी, गुजरातमध्ये आणंद-खेडा भागात भालेज, खंभोळज, रामपुरा इथे धातूचे गोळे पडले, तेव्हाही संशय चांग झेंग ३बीच्याच दुसऱ्या एका तिसऱ्या टप्प्यावर, वाय ८६वर, होता. दोन्ही घटना कर्कवृत्ताच्या आसपास घडल्या, त्यात नवल काही नाही. मायकेल बायर्स आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. रॉकेटचे टप्पे असेच सोडून देत राहिलं तर पुढच्या दहा वर्षांत कोणाचा तरी बळी जाण्याची शक्यता दहात एक, आणि जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर टप्पे कोसळण्याची शक्यता न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या तुलनेत तिप्पट. सोडणारे बहुतेक उत्तरेत, झेलणारे दक्षिणेत. हा कोणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. पण सोडणाऱ्याला स्वतःच्या घराची काळजी नसली की सोय पाहणं सोपं जातं, एवढं खरं.

तरी भीतीचं माप नीट घ्यायला हवं. जळगाव आणि धुळे मिळून क्षेत्रफळ सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर. २८ अंशांच्या त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ चोवीस कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात समुद्रच जास्त. म्हणजे अशा टप्प्याचा एखादा ठरावीक तुकडा याच दोन जिल्ह्यांत पडण्याची शक्यता ढोबळ मानाने तेरा हजारांत एक. आता तो पडलाच असं धरू. २०११च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ६३ लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला ३३० माणसं. तीन मीटरच्या कड्याने, माणसाच्या अंगाचा घेर धरून, साधारण दहा चौरस मीटर जागा व्यापली. सगळी माणसं उघड्यावर आणि सारखी विखुरलेली मानली, तर कड्याखाली कोणी सापडण्याची शक्यता तीनशेत एक निघते. दोन्ही आकडे गुणले की जवळजवळ चाळीस लाखांत एक. वीज पडून, सर्पदंशाने आणि महामार्गावर आपल्याकडे दर वर्षी जे घडतं त्यापुढे हे काहीच नाही. हे गणित वाचून कोणी उन्हाळ्यात धाब्यावर झोपायचं सोडलं तर तो दोष या पुस्तिकेचा समजावा.

पण हाच आकडा देऊन गप्प बसणारे तज्ज्ञ मला पटत नाहीत. चाळीस लाखांत एक ही एका टप्प्याच्या एका तुकड्याची गोष्ट झाली. टप्पे अनेक, तुकडे अनेक, वर्षं अनेक. अमेरिकेत एका पुनःप्रवेशातून कोणाला इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा जास्त नसावी असा दंडक आहे, आणि दर वेळी हे दहा हजार नव्याने मोजायला सुरुवात होते. आजवर थेट अंगावर तुकडा पडल्याचं ठळक उदाहरण एकच सांगितलं जातं. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात १९९७च्या जानेवारीत पहाटे फिरायला निघालेल्या लॉटी विल्यम्स यांच्या खांद्याला डेल्टा रॉकेटचा हलका तुकडा घासून गेला. इजा झाली नाही. मार्च २०२४मध्ये फ्लोरिडातल्या नेपल्सला अवकाश स्थानकाच्या टाकून दिलेल्या बॅटरी-सांगाड्यातला सातशे ग्रॅमचा तुकडा घराच्या छपरातून आणि मजल्यातून आरपार गेला. तो तीन वर्षांपूर्वी सोडून देताना संपूर्ण जळून जाईल असं गृहीत धरलं होतं.

आधी कळत नाही का, हा नेहमीचा प्रश्न. कळतं, पण उपयोगापुरतं नाही. वरची हवा सूर्याच्या लहरीप्रमाणे फुगते आणि आकसते. फेब्रुवारी २०२२मध्ये साध्या भूचुंबकीय वादळाने हवा फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ३८ खाली आले. शिवाय पडणारी वस्तू गरगरत असते, तिचा हवेतला अडथळा क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे उरलेल्या वेळेच्या दहा-वीस टक्के चूक धरूनच अंदाज द्यावा लागतो. एक तास उरला असताना चूक निदान सहा मिनिटांची. सहा मिनिटांत वस्तू श्रीनगर ते कन्याकुमारी जवळजवळ पूर्ण करते. शुक्रावर जायला मार्च १९७२मध्ये निघालेलं आणि पृथ्वीच्याच कक्षेत अडकलेलं सोव्हिएत यान कॉसमॉस ४८२ हे १० मे २०२५ रोजी पडलं, तेव्हा दोन दिवस आधीपर्यंत ५२ अंश उत्तर ते ५२ अंश दक्षिण असा सगळा पट्टा संभाव्य म्हणून दाखवला जात होता. शेवटी ते हिंदी महासागरात गेल्याचं रशियाने सांगितलं. १९७९च्या जुलैत स्कायलॅबने आपल्याकडे जी घबराट उडवली ती आज साठी-सत्तरीत असलेल्यांना आठवत असेल. ७७ टनांचं ते स्थानक शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडलं. आज अंदाज नक्कीच सुधारला आहे, पण गाव रिकामं करण्याइतका नाही.

म्हणून खरा उपाय पडण्याआधीचा आहे: इंधन शिल्लक असताना आणि हाक ऐकू जात असताना वस्तूला निर्मनुष्य समुद्रात नेऊन टाकणं. यात भारताचं काम सांगण्यासारखं आहे. मेघा-ट्रॉपिक्स-१ हा भारत-फ्रान्सचा हजार किलोंचा उपग्रह २०११मध्ये गेला होता. त्याची रचना नियंत्रित पाडण्यासाठी केलेली नव्हती. पण सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होतं. इस्रोने टप्प्याटप्प्याने कक्षा उतरवली आणि ७ मार्च २०२३ रोजी त्याला प्रशांत महासागरात बुडवलं. २००७चा कार्टोसॅट-२ असाच सोडून दिला असता तर उतरायला तीस वर्षं लागली असती. उरलेल्या इंधनावर त्याला आधीच खाली आणला गेला आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो हिंदी महासागरावर विझला. २०३०पर्यंत भारताची प्रत्येक अवकाश मोहीम कचरामुक्त करण्याचं उद्दिष्ट इस्रोने २०२४मध्ये जाहीर केलं आहे.

दुसरी बाजूही लिहायला हवी. ऑक्टोबर २०२२मध्ये रिसॅट-२ हा आपला उपग्रह अनियंत्रितपणेच जकार्ताजवळच्या समुद्रावर उतरला. त्याच्यात इंधन उरलं नव्हतं. आणि जुलै २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर माणसापेक्षा उंच, शिंपल्यांनी माखलेलं नळकांडं वाहून आलं. ते पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं असल्याचं तिथल्या अवकाश संस्थेने नंतर सांगितलं. ग्रीन हेडचे लोक आणि लाडबोरीचे लोक या बाबतीत एका रांगेत आहेत, आणि त्या रांगेत चीनकडे बोट दाखवताना आपला हात पूर्ण स्वच्छ नाही. फरक प्रयत्नाचा आहे, आणि तो फरक मी मोठा मानतो.

राहता राहिला कायदा. १९७२चा दायित्व करार या बाबतीत आश्चर्य वाटावं इतका स्पष्ट आहे. जमिनीवरच्या नुकसानीला प्रक्षेपण करणारा देश पूर्णपणे जबाबदार. त्याची चूक सिद्ध करायची गरज नाही. १९६८चा करार म्हणतो की वस्तू सापडली तर प्रक्षेपण करणाऱ्याला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं. पण भरपाई मागण्याचा अधिकार शेतकऱ्याला नाही, देशाला आहे. रावेरच्या बागाईतदाराची केळी मोडली तर तो या कराराखाली चीन सरकारवर दावा लावू शकत नाही. त्याच्यासाठी दिल्लीने राजनैतिक मार्गाने मागणी करायची. जगात या करारावर बोट ठेवून पैसे निघाल्याचं उदाहरण हाताशी एकच आहे. जानेवारी १९७८मध्ये सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ आतल्या अणुभट्टीसह कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत विखुरला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, १९८१मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. कॅनडाकडे दाखवायला प्रत्येक सापडलेला तुकडा आणि त्याची नोंद होती.

हे लिहिताना मला तलाठी डोळ्यापुढे येतो. गारपीट झाली की पंचनामा कसा होतो हे खानदेशातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पण गारपीट, पूर, दुष्काळ, कीड हे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आहेत; आभाळातलं भंगार नाही, कारण ती नैसर्गिक आपत्ती नव्हे. म्हणजे नेहमीच्या दारातून भरपाई नाही आणि दुसरं दार फक्त केंद्र सरकारला उघडता येतं. त्या दाराची किल्ली गावातच तयार होते. म्हणून पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण मुद्दाम तलाठी, पोलीस पाटील, सरपंच आणि शाळेतल्या विज्ञान शिक्षकांसाठी लिहिलं आहे.

त्यातलं मुख्य इथेच सांगतो. वस्तूला हात लावू नये. उपग्रहांच्या टाक्यांत हायड्रॅझिन हे विषारी इंधन उरलेलं असू शकतं, आणि वायूच्या गोळ्यात दाब शिल्लक असू शकतो. वास येत असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूला, निदान काहीशे मीटर लांब थांबावं. पोरांना आणि भंगारवाल्याला जवळ येऊ देऊ नये. या दोघांची उत्सुकता सारखीच असते. ११२ला फोन करावा. पोलिसांनी हलवण्याआधी वस्तू जिथे पडली त्या जागेची, खड्ड्याची आणि धातूवरच्या अक्षर-आकड्यांची छायाचित्रं घ्यावीत, शेजारी मापपट्टी किंवा निदान बॅटरी ठेवून. पंचनाम्यात गट क्रमांक, आदळल्याची वेळ, कोणत्या दिशेने आली, कोणी पाहिली आणि नेमकं काय मोडलं, हे सगळं यावं. ‘अज्ञात धातूची वस्तू’ एवढ्यावर कागद थांबू नये. दावा करण्याची करारातली मुदत नुकसान झाल्यापासून, किंवा जबाबदार देश कोण हे कळल्यापासून, एक वर्षाची आहे.